अक्काचा पेला

आमच्या घरात अक्काचा पेला वेगळा होता. स्टीलचा, उभट, काठ किंचित बाहेर वळलेला आणि एका अंगाला पोचा पडलेला. त्या पोच्यात माझा अंगठा बरोबर बसायचा. दहा वर्षांचा असल्यापासून मी तो पेला तिच्या तोंडाशी धरत आलो, त्यामुळे तो पोचा माझ्याच अंगठ्यानं पडला असावा असं मला कितीतरी दिवस वाटायचं. अक्काला तहान लागली की ती हाक मारायची नाही. नुसती माझ्याकडं बघायची आणि तोंड थोडं उघडायची, चिमणीच्या पिलासारखं. आपण तशा दिसतो हे तिलाही ठाऊक होतं. "दाणा न्हाई तर न्हाई, पाणी तरी टाक चोचीत," असं ती म्हणायची, आणि मग दोघंही हसायला लागल्यामुळे निम्मं पाणी तिच्या पदरावर सांडायचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रूथ. आमची आजी निलंग्याकडची, तिकडच्या बोलण्यात कानडी मिसळलेली, म्हणून आमच्यात ताई नाही, अक्का. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. अक्का शाळा सोडून चुलीपाशी बसली ती बसलीच. मला आईचा चेहरा आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर तो आठवत नसल्याचं दुःखही मला कधी नीट झालं नाही, कारण ती जागा एक दिवसही रिकामी राहिली नव्हती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते रेल्वेत गँगमन होते. पहाटे हातोडा आणि पाना घेऊन निघायचे आणि मैलच्या मैल रुळांच्या कडेनं चालत ढिला झालेला बोल्ट शोधायचे. घरी आले तरी त्यांची नजर खालीच असायची. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक त्यांना नम्र समजत. अक्का म्हणायची, "नम्र कसले, बोल्ट हुडकून राहिलेत."

नांदेडात रुळांच्या पलीकडं आमच्या दोन खोल्या होत्या. गाडी गेली की मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि गाडी दूर गेल्यावरही एखादी ताटली थोडा वेळ वाजत राहायची. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं, मग अजान, आणि त्या दोन्हींच्या मागून आमच्या घरात अक्काची पेटी. रविवारी देवळात गीतांना पेटी तीच वाजवायची. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. शेजारच्यांना त्याची गंमत वाटायची. स्वयंपाकात अक्का फार काही करायची असं नाही, पण तिच्या हातच्या येसराच्या आमटीची चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ कढत पाण्यात सोडलं की सगळ्या गल्लीला कळायचं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आमच्याकडं येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी एवढंच असायचं. म्हणून मी सहा-सात वर्षांचा होईपर्यंत समजत होतो की येसर हे नाव येशूवरून पडलं आहे. देवळातल्या मुलांच्या वर्गात मी तसं उत्तरही दिलं होतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हसले नाहीत. अक्का मात्र पुढं कित्येक वर्षं आमटी वाढताना म्हणायची, "घे, पवित्र आमटी घे."

मी दहा वर्षांचा असताना तिची बोटं सकाळी उठल्यावर कडक राहायला लागली. आधी तासभर, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. मग मनगटं, गुडघे. दोन वर्षांत बोटं एका बाजूला वळली आणि वळलेलीच राहिली. एक सोयरीक जमत आली होती, ते लोक परत आले नाहीत. औषधं झाली, तेलं झाली, उपास-प्रार्थना झाल्या. मंडळीतल्या बाया येऊन तिला बायबलातल्या ईयोबाची, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या माणसाची, गोष्ट सांगायच्या. अक्का ऐकून घ्यायची आणि त्या गेल्यावर म्हणायची, "ईयोबाला शेवटी मेंढरं-उंटं सगळं परत भेटलं. मला उंट काय करायचेत? ह्या दोन बोटांत सुई धरता आली तरी लई झालं." एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली, आणि काही झालं नाही तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "मुली, तुझा विश्वास कुठंतरी कमी पडतोय." अण्णांनी मान खाली घातली. अक्का शांतपणे म्हणाली, "पडत असंल, साहेब. पण जेवढा हाय तेवढा ठेवल्या जागी हाय. हलवला न्हाई मी."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. आज पंचेचाळिशीला आल्यावर ते मला जवळजवळ रोज ऐकू येतं. धीर म्हणजे मोठं काहीतरी, डोळे वर लावून बसलेल्या चित्रातल्या संतांसारखं, असं मी समजत होतो. अक्काचा धीर तसा नव्हता. ती कण्हायची, चिडायची, हिवाळ्यात पहाटे दुखणं वाढलं की तोंडात पदर धरून रडायची. आणि मग तोंड धुवायला पाणी मागायची, केस विंचरून घ्यायची, आणि पेटीपाशी बसव असं सांगायची. दोन बोटांनी सूर धरायची, भाता डाव्या कोपरानं ढकलायची. गीताची एकच ओळ, संथ, मध्येच भात्याचा श्वास संपलेली. आमच्या घरातली प्रार्थना म्हणजे ती ओळ होती.

दहावीनंतर मला लातूरला पाठवायचं ठरलं. तिथं शिकलेली मुलं डॉक्टर-इंजिनियर होतात हे त्या वेळी आमच्या गल्लीतल्या गवळ्यालाही माहीत होतं. अक्का म्हणाली, "तू डॉक्टर हो, म्हणजे मला फुकटात तपासशील." खोली शोधायला मी एकटाच गेलो. पहिल्या घरी नाव विचारलं, मी सांगितलं, शमुवेल जाधव. घरमालक म्हणाले, "मुसलमानाला देत न्हाई आम्ही." मी म्हणालो, मी ख्रिश्चन आहे. ते म्हणाले, "तेच ते." दुसऱ्या घरी एवढंही बोलणं झालं नाही. तिसरं घर महानंदाकाकूंचं होतं. लिंगायत घराणं, गंजगोलाईत किराणा दुकान, दारात रांगोळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांनी नाव विचारलं. तोंडातून निघालं ते घरातलं नाव, शामू. त्या म्हणाल्या, "शाम म्हण की. एवढं चांगलं देवाचं नाव, त्याचं शामू कशाला करतोस?" मी म्हणालो, "हो. शाम."

एवढंच झालं. खोटं बोलावं असं ठरवून मी गेलो नव्हतो. त्यांनी एक अक्षर खाली ठेवलं, मी ते उचलून घेतलं. पण एक अक्षर सांभाळायला पुढं किती गोष्टी लागतात हे हळूहळू कळलं. घरून अण्णांचं पोस्टकार्ड यायचं, त्यावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'प्रभू येशूच्या नावात सलाम'. पोस्टमन ते कार्ड काकूंच्या हातात देणार, या विचारानं मी अण्णांना कळवलं की पोस्टकार्डं वाटेत हरवतात, आंतर्देशीय पत्र पाठवत जा. अण्णांनी ते खरं मानलं. त्यानंतर निळी, बंद पत्रं यायला लागली. आतली ओळ तीच असायची. जेवणाआधी डोळे मिटणं मी सोडलं. रविवारी फिरायला जातो असं सांगून देवळाच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा राहायचो. आत गेलो तर कुणी कॉलेजचं बघेल. आत कुणीतरी पेटी वाजवायचं, दहाही बोटांनी, अगदी न अडखळता, आणि मला ते अपुरं वाटायचं. गीत संपलं की 'आमेन' भिंतीवरून यायचा. मी तो म्हणत नसे. एवढ्या माणसांच्या गावात मला शमुवेल म्हणणारं एकही माणूस नव्हतं, आणि ती सोय माझी मीच केलेली होती.

काकू मात्र जीव लावायच्या. त्यांच्या दोन्ही मुली सासरी होत्या. लातुरात तेव्हा उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी टँकर यायचा. त्या भांड्यागणिक पाणी मोजून वापरायच्या, तरी माझ्या खोलीतला माठ कधी रिकामा राहू द्यायच्या नाहीत. परीक्षा असली की कपाळाला विभूती लावून पाठवायच्या. मी वाकून लावून घ्यायचो. त्यांच्या विभूतीत वाईट काही नव्हतं, आणि ती लावणारा हात तर आईचाच होता. वाईट होतो तो वाकणारा.

बारावीची परीक्षा संपली होती, प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालू होता. एप्रिलचे दिवस. त्या सकाळी सराव परीक्षा झालेली, म्हणून माझ्या कपाळावर विभूती होती. काकू अंगणात खाटेवर धोतर पसरून कुरडया घालत होत्या आणि मी साच्यात चीक भरून देत होतो. दारात रिक्षा थांबली. आधी अण्णा उतरले. मग त्यांनी आत वाकून हळूहळू अक्काला उतरवलं, तान्ह्या मुलाला पाळण्यातून काढावं तसं. तिनं नाताळाला घेतलेली पोपटी साडी नेसली होती. लातुरातल्या हाडांच्या एका डॉक्टरांचं नाव कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते दोघं पहाटेच्या एसटीनं निघून आले होते. तसं पत्र अण्णांनी टाकलं होतं. ते पत्र दोन दिवसांनी पोचलं. अजूनही माझ्याकडं आहे.

अण्णा दाराच्या पायरीशी थांबले, काकूंना बघून हात कपाळाकडं नेला आणि म्हणाले, "सलाम, बाई."

आम्ही मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलाम करतो. पाळकांना सलाम, म्हाताऱ्यांना सलाम, पत्राच्या सुरुवातीला सलाम. अण्णांना दुसरं काही म्हणायला येतच नव्हतं. आदर दाखवायचा तर त्यांच्याकडं तेवढा एकच शब्द होता. काकूंचा हात साच्यावर थांबला. त्यांनी एकदा अण्णांच्या दाढीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"शाम, कोण हायत रे हे?"

अण्णा माझ्याकडं बघून हसत होते. अक्का माझ्या कपाळाकडं बघत होती. मला आठवतं, चिकाचा एक थेंब साच्यातून माझ्या पायावर पडला, गरम होता. मी म्हणालो, "आमच्या गल्लीतले आहेत, काकू. नांदेडचे."

अण्णांचा कपाळाकडं गेलेला हात तिथंच राहिला. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण त्यांच्याआधी अक्का बोलली.

"हाव," ती म्हणाली, "गल्लीतलेच. दवाखान्यात आलताव. शामू हितं राहतो म्हणून ठावं होतं, तर म्हटलं बघून जावं."

अक्का आयुष्यात खोटं बोलली नाही, आणि ते बोलतानाही ती खोटं बोलली नव्हती. गल्ली आमची एकच होती. मला वाचवताना तिनं स्वतःचा नेमही मोडू दिला नाही. पण तिचं बोलणं संपलं तेव्हा तिचा आवाज उतरला होता. उन्हातून आली होती ती. काकूंनी दोघांना बाजेवर बसायला सांगितलं, हात न धुताच आत गेल्या आणि पाणी आणलं. बाहेरच्या माणसांसाठी ओसरीच्या कोनाड्यात काचेचे पेले असायचे, त्यातला एक. तो त्यांनी अक्कासमोर धरला. अक्कानं दोन्ही तळवे जवळ आणले, मनगटांनी पेला पकडायचा प्रयत्न केला. पेला घसरला, थोडं पाणी सांडलं, काकूंनी तो वरच्या वर झेलला. अण्णा उठायला लागले, पण बाज खोल होती आणि त्यांचे गुडघे आखडले होते. आणि त्या वेळी अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड थोडं उघडलं.

सवयीनं. मला दुखवायला नाही, काही आठवण करून द्यायला नाही. आठ वर्षं जे केलं तेच तिच्या अंगानं आपोआप केलं.

मी चार पावलांवर होतो. शेजारचा मुलगा शेजारणीच्या तोंडाला पाणी लावत नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. माझं नाव ज्याच्यावरून ठेवलं, तो बायबलातला शमुवेल लहानपणी रात्री हाक आली की उठून धावत जात असे. तीनदा आली, तीनदा गेला. मला ती एकदा आली आणि मी साचा धरून उभा राहिलो.

पाणी काकूंनी पाजलं. त्या खाली वाकल्या, एक हात अक्काच्या हनुवटीखाली धरला आणि घोट घोट पाजलं. "सावकाश घे बाय, सावकाश," म्हणत होत्या. अक्काच्या हनुवटीला त्यांच्या बोटांचा चीक लागला, पांढरा. तो तिला पुसता येत नव्हता. तो तसाच घेऊन ती रिक्षात बसली. जाताना अण्णा पुन्हा काकूंना सलाम म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत. पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. त्यात येसर होतं.

रिक्षा गेल्यावर काकू पुन्हा कुरडया घालायला बसल्या. एक घातली, दोन घातल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ती पोरगी तोंड उघडली तवा माझ्याकडं बघत नव्हती. तुझ्याकडं बघत होती."

मी साचा भरून पुढं केला.

"शेजाऱ्याकडं बघून कुणी असं तोंड उघडत न्हाई, शाम. कोण हाय ती?"

तेव्हा मी सांगितलं. नाव सांगितलं, देऊळ सांगितलं, निळी पत्रं सांगितली, आधीची दोन घरं सांगितली. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी धोतराचा अर्धा भाग कुरडयांनी भरला होता. मला वाटलं, आता म्हणतील, सामान उचल. त्या म्हणाल्या, "मला फसवलंस, त्याचं मी काय करायचं ते बघीन. पण पाणी का न्हाई पाजलंस तिला?"

मी म्हणालो, "तुम्हाला कळलं असतं."

"माझ्या नावावर नको घालू," त्या म्हणाल्या. "मी काय वाघीण हाय का?"

त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. माठ भरलेला असायचा, ताट झाकून ठेवलेलं असायचं. पण त्या दिवसापासून त्यांनी मला शाम म्हटलं नाही, आणि शमुवेल तर त्यांच्या तोंडात बसणारं नव्हतंच. "ऐकलंस का," म्हणायच्या, किंवा नुसता दरवाजा वाजवायच्या. दोन महिने मी त्या घरात बिननावाचा राहिलो.

पुढच्याच आठवड्यात उत्तम शुक्रवार होता. मी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं नांदेडला गेलो. लातूर ते नांदेड मी सांगायची वाक्यं जुळवत होतो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते अण्णांनी दारातच सांगितलं, सांधे उघडणार नाहीत, दुखणं थोडं कमी होईल इतकंच. अक्का खिडकीपाशी बसली होती. मी पिशवी ठेवली, हात धुतले, मांडणीवरून तिचा पेला घेतला, भरला आणि तिच्याजवळ गेलो.

"ठेव तिथं," ती म्हणाली. "घेते मी."

तिच्या शेजारच्या स्टुलावर तांब्या होता आणि त्यात एक नळी, सलाईनची, स्वच्छ उकळून कापलेली. लातूरच्या दवाखान्यात कंपाउंडरनं दिली होती. तिनं मान वाकवली, नळीचं टोक ओठांत धरलं आणि पाणी ओढून घेतलं. एक थेंब सांडला नाही. "बघितलंस? आता कुणाची वाट बघायला नको," ती म्हणाली, आणि खरंच खुशीत म्हणाली. मी पेला परत मांडणीवर ठेवला. माझी वाक्यं माझ्यापाशीच राहिली. ती शिक्षा होती की क्षमा, का नुसती एक नळी होती, हे मी इतकी वर्षं ठरवू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी बारा ते तीन देवळात उपासना होती. वधस्तंभावरून प्रभू जे सात शब्द बोलला, त्यांतल्या एकेका शब्दावर मंडळीतलं एकेक माणूस त्या दिवशी बोलतं. आम्ही त्यांना शब्द म्हणतो, पण ती वाक्यं आहेत. त्या वर्षी पाचवा शब्द अण्णांकडं होता, 'मला तहान लागली आहे'. अण्णा सहसा बोलायला उभे राहत नसत. ते पुढं गेले, नेहमीसारखे खाली बघत उभे राहिले आणि म्हणाले, मी शिकलेला माणूस नाही, मी पाहिलं तेवढं सांगतो. आणि त्यांनी लातूर सांगितलं. पहाटेची एसटी, ऊन, डॉक्टरांचं बोलणं. मग म्हणाले, "एका अंगणात आम्ही थांबलाव. तिथली बाई आपल्या मंडळीतली न्हाई. तिनं आपलं नाव इचारलं न्हाई, देव इचारला न्हाई. माझ्या लेकीला गिलास धरता येईना, तर हातातलं काम टाकून तिनं हनुवटीला हात लावून पाणी पाजलं. प्रभूला तहान लागली तवा लोकांनी आंब पाजली, आंबलेला द्राक्षारस. माझ्या लेकीला गोड पाणी भेटलं. त्या बाईसाठी मी रोज प्रार्थना करून राहिलोय. तुम्ही बी करा."

एवढं बोलून ते जागेवर आले. अंगण होतं, बाज होती, काकू होत्या, पेला होता. मी नव्हतो. त्यांनी मला त्या सगळ्यातून अलगद काढून ठेवलं होतं. दोन बाकांमागं कुणीतरी 'आमेन' म्हणालं. अण्णा माझ्या शेजारी बसले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, देऊळ माणसांनी भरलेलं होतं, आणि मला लातूरच्या त्या भिंतीबाहेरही इतकं एकटं वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी, रविवारी, पुनरुत्थानाच्या म्हणजे ईस्टरच्या उपासनेत ज्यांना साक्ष द्यायची आहे त्यांनी उभं राहावं असं पाळकसाहेब म्हणाले. आमच्यात तशी रीत आहे, देवानं आपल्यासाठी काय केलं आणि आपण कुठं चुकलो ते मंडळीसमोर सांगायचं. मी बाकाची कड धरली. उठलो नाही. अक्का पेटीवर दोन बोटं ठेवून वाट बघत होती, गीताचा पहिला सूर लावायचा होता म्हणून. माझी वाट बघत होती असं मला वाटलं, ते माझं मन असेल.

मी डॉक्टर झालो नाही. उमरीच्या एका शाळेत गणित शिकवतो, रोज नांदेडहून जातो-येतो. शाळेतल्या फळीवर माझं पूर्ण नाव आहे, शमुवेल. कुणी विचारलं तर मी आता लगेच सांगतो, कधीकधी न विचारताही सांगतो, आणि समोरचा बावचळतो. काकूंना मी नोकरी लागल्यावर पत्र लिहिलं होतं, पोस्टकार्डावर, वर सलाम लिहून. उत्तर आलं नाही, पण पहिल्या नाताळाला एका माणसाबरोबर कुरडयांचा डबा आला. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर दुकानातल्या अक्षरात 'सॅमवेल' असं लिहिलं होतं.

अण्णा गेले. अक्का राहिली. माझं लग्न झालं, मुलं झाली, घर बदललं, आणि अक्का नळीनं पाणी पीत, कोपरानं भाता ढकलत, मुलांना चिमटे काढत राहिली. पंचवीसेक वर्षं. या सगळ्या वर्षांत तिनं लातूरचं नाव काढलं नाही. मी कितीदा तरी सुरुवात केली, आणि दर वेळी भाजीवाला आला, मूल रडलं, नाहीतर मीच पाणी आणायला उठलो. तिच्या सोसण्याबद्दल मंडळीत लोक बोलायचे तेव्हा दुखण्याबद्दल बोलायचे. तिनं मलाही सोसलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिला नळीनं पाणी ओढायची ताकद राहिली नाही. त्यानंतर ती सात आठवडे होती. जे मी तेव्हाही पुरतं बोलू शकलो नाही ते इथं लिहून ठेवलं आहे.

ताकद गेल्याचं पहिल्यांदा कळलं ती सकाळची वेळ होती, शाळेला सुट्टी होती. ती नळी ओठांत धरून बसली होती आणि पाणी अर्ध्यावर येऊन परत खाली जात होतं. तिनं दोनदा केलं, मग नळी सोडून दिली. मी माळ्यावर चढलो. जुन्या भांड्यांच्या पोत्यात तो पेला होता, काळवंडलेला, पोचा तसाच. घासून आणला. तिच्यासमोर बसलो, आणि पेला रिकामाच हातात धरून म्हणालो, "अक्का, लातूरला त्या दिवशी, त्या अंगणात, मी…"

"आधी पाणी दे," अक्का म्हणाली.

मी पेला भरला. अंगठा पोच्यात बसवला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड थोडं उघडलं. हसत कुणीच नव्हतं, तरी निम्मं पाणी तिच्या पदरावर सांडलं.